खिलारे गुरुजींचं लाल पेन

१४ सप्टेंबर, रविवार. घट आठ दिवसांवर आलेत. घरातल्या गोधड्या, चादरी, पडदे सगळं धुऊन निघायला हवं. मशीनमध्ये गोधडी फिरत नाही, जाहिरातीत काहीही सांगोत. सकाळी सहाला चार गोधड्या सोड्याच्या पाण्यात घातल्या. त्या भिजेपर्यंत दोन तास मोकळे असतात. एरवी मी त्या वेळात भाजी निवडते. आज लिहायला बसले, कारण काल मिरजेला दवाखान्यात खिलारे गुरुजी भेटले आणि रात्रभर काही केल्या डोक्यातून गेले नाहीत.

मायाप्पा खिलारे. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं नोकरी केली. मेढ्याच्या वर, जीप जिथे थांबते तिथून वीस मिनिटं चढून गेलं की आमची शाळा होती. चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी त्यांची. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत होती, पण तिला दार नव्हतं, नुसती चौकट. त्यामुळे त्यांचं शिकवणं मी आणि माझं शिकवणं ते, असं सहा वर्षं ऐकलं.

गुरुजी जतकडचे, दुष्काळी पट्ट्यातले, धनगर. वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाटाखाली उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परतायचे. गुरुजी त्या वाटेवर, मिळेल त्या गावच्या शाळेत बसून शिकले. हे त्यांनी कधी कौतुकाने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "दर पंधरा दिसाला नवा मास्तर. मार मात्र सगळीकडं सारकाच." अंगाने उंच, किडकिडीत. पांढरा सदरा आणि खिशाला लाल पेन. पेन गळायचं. सदऱ्याच्या खिशावर कायम तांबडा डाग, गोळी लागल्यासारखा.

माणूस चांगला होता असं लिहून मी मोकळी होणार नाही. बरोबर काम करायला अवघड माणूस होता. मुख्याध्यापकाचा चार्ज नोकरीने मोठे म्हणून त्यांच्याकडे यायला हवा होता. त्यांनी तो सरळ माझ्या गळ्यात टाकला. "बाई, मला ते रकाने भरायला जमत न्हाई. तुमी हुशार हाय." पोषण आहाराची माहिती, पटाची माहिती, शौचालयाचे फोटो, सगळं मी करायची, आणि ते तोवर तिकडे स्वल्पविराम शिकवत असायचे.

हो, स्वल्पविराम. बाकी शिक्षकांचं एकेक वेड असतं. कुणाचं अक्षर, कुणाचे पाढे. यांचं हे. जे चिन्ह आम्ही सगळे चौथीच्या एका तासात उरकतो, ते गुरुजी वर्षभर शिकवायचे. त्यांचं म्हणणं एकच असायचं. "थांबायचं, पण बसायचं न्हाई." दिवसातून वीसदा ऐकू यायचं. माझ्या पहिलीतली पोरंसुद्धा लघवीला जाताना एकमेकांना म्हणायची, "थांबायचं, पण बसायचं न्हाई."

शिकवण्याची तऱ्हा त्यांचीच. एकदा सगळ्या पोरांना घेऊन ते कुंपणापाशी गेले. आमच्या दगडी कुंपणाला एक अरुंद फट होती, एका वेळी एकच माणूस निघेल एवढी. प्रत्येक पोराला एकेक शब्द दिला. आजी, आजोबा, आई, काका, आत्या. शेवटी चौथीतली सगळ्यांत बारीक पोरगी, सोनाली, ती 'मी'.

"आता सुटा!"

पोरं सुटली. फटीत एकच गर्दी. काका आत्याच्या पायावर, आजोबा आजीच्या पाठीवर, आणि सोनाली खाली. गुडघा फुटला.

"बघितलं?" गुरुजी म्हणाले. "'मी' तुडवला. वाक्य कुटं हाय ह्यात? निस्ती झुंबड हाय."

मग ते स्वतः काठी आडवी धरून फटीत उभे राहिले. एकेक पोर आलं की काठी वर, गेलं की काठी खाली. मेंढरं रात्री जाळीत कोंडतात आणि सकाळी सोडताना धनगर तोंडाशी असाच काठी घेऊन उभा राहतो, म्हणे. एकदम सुटली तर कोकरू तुडवलं जातं.

"आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत," ते पोरांना सांगत होते. "वळखत्यात. एकेक म्होरं जातंय, त्याचं त्वांड बघायचं. ही काळतोंडी, ही बांडी, ही लंगडी. शब्दाचं बी तसंच. त्वांड बघितल्याबिगार कुणाला सोडायचं न्हाई."

मी हळद घेऊन गेले. म्हटलं, "गुरुजी, पोरीच्या गुडघ्यातून रक्त येतंय."

"व्हय बाई. पर ती आता जल्मात इसरायची न्हाई."

"तिची आईपण विसरणार नाही."

आई दुसऱ्या दिवशी आलीच. पदर खोचून दारात उभी. "आवं गुरुजी, शिकवा की लय. पर दुसऱ्याची पोर पाडून कशाला शिकवायचं? तुमचीच पोर पाडा की."

गुरुजींनी हात जोडले. "माजी पोर लांब हाय, मावशी. जवळ असती तर तिलाच पाडली असती."

ती हसली आणि गेली. मला हसू आलं नाही, कारण आठवडाभर त्या फटीतून आत-बाहेर करणाऱ्या पोरांना आवरायचं काम माझं होतं.

त्यातली सगळ्यांत वैतागाची गोष्ट म्हणजे ते टक् टक्. मेंढरं थबकवायला ते लोक जीभ टाळूला लावून टक् असा आवाज करतात. गुरुजींनी तो वर्गात आणला. मोठ्याने वाचताना स्वल्पविराम आला की सगळ्या वर्गाने टक् करायचं आणि मगच पुढचा शब्द. पलीकडच्या खोलीत सतरा पोरं. दिवसभर टक्, टक्, टक्. पाली सुटल्यासारखं वाटायचं. शिवाय मी माझ्या फळ्यावर वाक्य लिहिताना कुठे स्वल्पविराम सुटला, तर खडू खाली ठेवायच्या आत चौकटीतून टक्. मान वर करून बघावं तर गुरुजी त्यांच्या वर्गाकडे तोंड करून साळसूद उभे.

लाल पेनही तसंच. छापलेलं काहीही हाताला लागू द्या, त्यावर खुणा होणार. लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, देवळाच्या वर्गणीची पावती. गावातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शाळेसमोर लागला होता. खाली शुभेच्छा देणाऱ्यांची तीसेक नावं, एकालाएक चिकटून. गुरुजींनी स्टूल नेलं आणि तांबड्या रंगाने नावांमध्ये स्वल्पविराम काढले. संध्याकाळी चार पोरं गाडीवरून आली.

"गुरुजी, बॅनरला हात कुणाला इचारून लावला?"

"लावायलाच पायजे हुता गड्या. तुजं नाव कुणाला चिकटलंतं बघितलंस का? बांधावरनं ज्याच्यासंगं कोर्टात हायस, त्याला."

त्या पोराने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मायला, व्हय की," आणि गाडीला किक मारली.

असा माणूस. गावाने त्यांचं हसून घेतलं. ऑफिस हसून घेत नसतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. आम्हाला दोघांनाही सांगलीला यायचं होतं. माझा नवरा सांगलीत सरकारी नोकरीत, मुलगा सासूकडे. मी महिन्यातून दोनदा घरी यायची आणि मुलगा मला पाहुण्यासारखं वागवायचा. गुरुजींचं कारण माझ्याहून मोठं होतं. त्यांच्या बायकोच्या, कमलवहिनींच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मिरजेला डायलिसिस. जतकडच्या त्यांच्या गावापासून एसटीने जाऊन-येऊन सगळा दिवस. बरोबर जायला एकच माणूस, मुलगी संगीता. ती बारावीला सायन्सला होती आणि आठवड्याचे दोन दिवस कॉलेज बुडवत होती.

आमच्या शाळेत मोबाईलला रेंज नव्हती. देवळामागे एक कातळ होता, त्यावर चढलं की दोन दांड्या यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की गुरुजी त्या कातळावर उभे असायचे. खालून फक्त त्यांचा सदरा दिसायचा. फोन झाला की खाली उतरून मला एवढंच सांगायचे, "झालं आजचं." मी म्हणायची, "बरं झालं."

दोघांचेही बदलीचे अर्ज गेले होते. पण दोन शिक्षकी शाळेतून एका वेळी एकालाच सोडायचं, असं ऑफिसने ठरवलं होतं. दुसऱ्याने मग नवीन माणूस येईपर्यंत थांबायचं, आणि त्या डोंगरात नवीन माणूस वर्षानुवर्षं येत नसे. यादीत गुरुजींचं नाव माझ्या वर होतं. त्यांची नोकरी माझ्याहून तीन वर्षांनी जास्त. म्हणजे येत्या मेमध्ये ते जाणार आणि मी चार वर्ग घेऊन तिथेच राहणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. कारण उघडच त्यांचं मोठं होतं.

त्याच हिवाळ्यात वाचन चाचणी आली. चौथीच्या मुलाने एका मिनिटात ठरलेले शब्द वाचायचे. वाचले तर 'प्रगत', नाही तर 'अप्रगत'. शाळेत अप्रगत मुलं जास्त निघाली तर शिक्षकावर कारवाई. चाचणी चौथीची, तरी माझी दुसरीही ऐकतील म्हणून मी माझ्या पोरांना पंधरा दिवस तयार केलं. बोट ओळीवरून फिरवायचं, थांबायचं नाही, अडलं तर पुढच्या शब्दावर उडी मारायची. चौकटीतून गुरुजी म्हणाले, "बाई, ही पोरं उद्या माज्याकडंच येणार हायत. मला परत पयल्यापासनं करावं लागंल."

"उद्याचं उद्या बघू, गुरुजी. तपासणीला साहेब परवा येतायत. तुमच्या पोरांना निदान दोन दिवस ते टक् टक् बंद करायला सांगा."

"सांगतो," म्हणाले. सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि पोरांना जमलं नसेल. जी गोष्ट वर्षभर अंगात मुरवली ती दोन दिवसांत निघत नाही.

साहेब आले. चढून आल्यामुळे आधीच घामाघूम आणि चिडलेले. मोबाईलवर घड्याळ लावलं आणि सोनालीला पुढे बोलावलं. उतारा बाजाराचा होता. तिने हातात कार्ड घेतलं, मान ताठ केली आणि सुरू झाली. "आई बाजारात गेली. तिने वांगी टक् गाजर टक् मुळे टक् आणि कोथिंबीर घेतली."

साहेबांनी वर बघितलं. "हे काय करतेस?"

सोनाली घाबरली आणि थांबली. घड्याळ चालूच होतं. गुरुजींनी मागून हळूच म्हटलं, "वाच बाळ." तिने परत सुरू केलं, आणि अजून मोठ्याने टक् केलं. वाचलं मात्र असं की, बाजार डोळ्यांसमोर उभा राहावा. मिनिट संपलं तेव्हा दोन ओळी राहिल्या होत्या.

"अप्रगत."

"साहेब," गुरुजी म्हणाले, "तिला इचारून बघा की काय काय घेतलं बाजारातनं. कुटल्या रंगाची पिशवी हुती ते बी सांगंल."

साहेबांनी तक्ता उलटासुलटा करून बघितला. "विचारायचा रकाना नाहीये, गुरुजी."

चौथीची नऊ पोरं. नऊच्या नऊ टक् टक् करत वाचली. चौथ्या पोरापर्यंत साहेबांना खात्री पटली की, पोरं त्यांची टिंगल करताहेत आणि त्यामागे गुरुजी आहेत. आठ अप्रगत. माझ्या दुसरीच्या पोरांना त्यांनी चहा होईपर्यंत सहज ऐकलं. पोरं सुसाट गेली. एकाला काय वाचलं ते मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "म्हाईत न्हाई, पर लय वाचलं." साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमचं काम छान आहे. यांना जरा समजावून सांगा."

पंधरा दिवसांनी नोटीस आली. कारणे दाखवा. दोन प्रती होत्या. एक गुरुजींकडे राहणार, दुसरीवर 'मिळाली' म्हणून त्यांची सही घेऊन मी ऑफिसला परत पाठवायची. शुक्रवार होता. दुपारी मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. शाळा सुटल्यावर ते कातळावर गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा उतरले. त्या दिवशी 'झालं आजचं' म्हणाले नाहीत. वहिनींचा रक्तदाब मध्येच उतरला होता, मशीन बंद करावं लागलं होतं, संगीता फोनवर रडत होती. हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा ते गुपचूप वर्गात बसले आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून तपासू लागले. मी माझं आवरत होते. तासाभराने त्यांनी मला सही केलेला कागद आणून दिला. म्हणाले, "हे घ्या बाई. बघितलं नीट." आणि खाली मान घालून निघून गेले.

मी कागद बघितला. सही होती. 'मिळाली' होतं. आणि सगळ्या कागदावर लाल पेनने स्वल्पविराम होते. ऑफिसच्या भाषेत अर्धं पान एकच वाक्य असतं, त्याला त्यांनी जागोजाग थांबवलं होतं. आणि सगळ्यात खाली, साहेबांच्या सहीशेजारी, पोरांच्या वह्यांवर लिहायचे तसं गोल अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा लिहा.'

त्यांनी ते जाणूनबुजून केलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. गठ्ठ्यात कागद आला आणि हात चालला. मन मिरजेला होतं.

दुसरी, कोरी प्रत त्यांच्या टेबलावरच पडली होती. ती उचलून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सही घ्यायची, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. मी दर शनिवारी टपाल घेऊन मेढ्याला उतरायची. शाळेत गुरुजी समोरच होते. मी त्यांना काही म्हटलं नाही. जीपमध्ये पुढच्या सीटवर जागा मिळाली. वाटेत पाकीट उघडून मी कागद परत एकदा बघितला. लाल अक्षरं चांगली ठळक होती. पाकिटात घातला. मेढ्याला पोस्टात डिंकाची बाटली होती, ब्रश वाळलेला. बोटाने डिंक लावला आणि पाकीट चिकटवलं.

मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. कुणाला काही बोलले नाही. जो कागद माझ्या हातात दिला तो जिथे द्यायचा तिथे दिला. एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खरं तर ते खोटंही नाही.

पुढचं पटकन झालं. वरिष्ठांचा अवमान म्हणून चौकशी लागली. चौकशी चालू असलेल्याची बदली होत नाही, म्हणून यादीतून त्यांचं नाव निघालं. त्यांच्याखालचं नाव वर आलं. मे महिन्यात माझी ऑर्डर निघाली, सांगली जिल्हा, कुपवाडजवळची शाळा. घरापासून स्कूटीने पंधरा मिनिटं.

चौकशी लागल्याचं पत्र आलं तेव्हा गुरुजी माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, माज्या हातानं कागदावर खुणा केल्या म्हणं. मला तर आटवत बी न्हाई. तुमी बघितलं न्हवतं का?"

मी म्हटलं, "टपालाची घाई होती, गुरुजी."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमच्यावर तरी किती बगायचं टाकायचं."

निघायच्या दिवशी माझी ट्रंक आणि गॅसची शेगडी जीपपर्यंत त्यांनीच आणली. उतारावर ट्रंक खांद्यावर, मी मागून छत्री घेऊन. जीपवाल्याने दोरी आवळली. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "बरं झालं बाई. एकाचं तरी झालं." मी त्यांना नमस्कार केला. मोठे होते, करायलाच हवा होता.

त्यानंतर ती शाळा त्यांनी एकट्याने चालवली, चार वर्ग. बाकीचं इकडून तिकडून कळत गेलं. संगीताने कॉलेज सोडलं. दोन दिवसांऐवजी तीन दिवस डायलिसिस करायला सांगितलं होतं. दोन वर्षांनी वहिनी गेल्या, एका मंगळवारी, मिरजेहून परत येताना एसटीत. गुरुजी मेढ्याला होते. निरोप जाऊन ते पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. चौकशीत काही निघालं नाही, नुसती समज देऊन फाईल बंद झाली. मग त्यांची बदली झाली. तेव्हा घरी त्यांची वाट बघणारं फारसं कुणी नव्हतं.

काल मी नवऱ्याला घेऊन मिरजेला गेले होते. त्याची साखर बघायची असते दर तीन महिन्यांनी. त्याला आत पाठवून बाकावर बसले. समोरच्या बाकावर एक उंच म्हातारा, डोळ्यावर हिरवा पडदा. शेजारी तिशीची बाई, अंगात कारखान्याचा निळा ॲप्रन, तशीच कामावरून आलेली. मी ओळखलं, पण उठून दुसरीकडे जाऊन बसावं असा विचार करत होते. तेवढ्यात नवऱ्याचं नाव पुकारलं आणि मी "हो, गेलेत आत," असं ओरडले. म्हाताऱ्याने मान वळवली.

"कोण? मानेबाई?"

आवाजावरून. मी जवळ गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला आलेत. आता कुपवाडला लेकीजवळ राहतात. तिचं लग्न झालं नाही. ती पॅकिंगमध्ये आहे.

"कसं काय चाललंय गुरुजी? लाल पेन कुठाय?" काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"पेन न्हाई आता. संगी ठिवू देत न्हाई," ते हसले. "कापडं खराब हुत्यात म्हणती." मग थोडं पुढे वाकले आणि माझा हात चाचपडत शोधला. "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंतं. त्या कागदाचं. माजंच चुकलं. तुमाला बी नंतर जबाबाला बोलीवलं असंल. तुमच्या डोक्याला ताप झाला. मनात ठिवू नका."

मला जबाबाला कुणी बोलावलं नव्हतं. एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "छे हो गुरुजी. किती जुनी गोष्ट."

नर्सने त्यांना आत नेलं. पडद्याआड जाताना ते दाराच्या चौकटीला हात लावून थबकले, उंबरा पायाने चाचपला, मग पाऊल टाकलं. तेवढंच दिसलं.

संगीता माझ्याकडे बघत होती. मला ती फक्त गुरुजींच्या तोंडून ऐकून माहीत होती, कातळावरच्या फोनमधली.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"तो कागद पाकिटात तुमीच घातला?"

"मीच. चार्ज माझ्याकडे होता."

"बघून?"

"टपालाची घाई होती गं."

तिने मान हलवली. रागाने नाही. पावती मिळाल्यासारखी. "आई म्हणायची, बाईंनी बघितलं असणार. आबा तिच्यावर चिडायचं. म्हणायचं, बाई तशा न्हाईत."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, बाईमाणूस पाकीट बघितल्याबिगार चिकटवत न्हाई."

मग आतून तिला हाक आली. ॲप्रन झटकून ती उठली आणि गेली. नवरा बाहेर आला, म्हणाला साखर वाढलीय, घरी जाऊन बोलू. आम्ही रिक्षाने परत आलो.

गोधड्या भिजल्या असतील. उठते.

सोमवार, १५ सप्टेंबर. हे शेवटचं लिहिते आणि वही बंद करते. आज माझ्या शाळेत चौथीची वाचन चाचणी होती. आता घड्याळ मीच लावते आणि तक्ताही मीच भरते. सव्वाअकराला सुरू केलं. पोरं तयार होती, मी जूनपासून तयार केलीत. एकेक पोर पुढे आलं, कार्ड हातात घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि सुटलं. एकूण अठ्ठावीस पोरं. एकही कुठे थांबलं नाही. मी कुणालाही काही विचारलं नाही. अठ्ठावीस नावांपुढे 'प्रगत' लिहिलं, खाली सही केली, आणि तक्ता दुपारच्या टपालाने पाठवून दिला.